काळ्या दोरीचा दगड

बाळंतपणाला आई जाते. सासू जाते, मावशी जाते, अगदीच कुणी नसलं तर शेजारची काकूसुद्धा जाते. बाप जात नाही. बाप एअरपोर्टवर सोडायला जातो, बॅगांना दोरी बांधतो, "पोचलीस की फोन कर" म्हणतो आणि घरी येऊन फ्रिज उघडून बघतो. मीही तेच करणार होतो. पण निघायच्या जरा आधी आमची सुलभा केबिन रोडला दुपटी आणायला गेली, दुकानाच्या पायरीवरून पाय सटकला आणि घोट्याच्या वर हाड मोडलं. प्लास्टर, वॉकर, आणि डॉक्टरांची तंबी की विमानाचं नावसुद्धा काढायचं नाही. व्हिसा दोघांचाही झालेला होता, कारण बाळ झाल्यावर मागाहून मीही जाणार होतो, नुसता बघायला.

"अहो, आता तुम्हीच जा," सुलभा म्हणाली.

"मी? मी जाऊन काय करू? मला साधा कुकर लावता येत नाही."

"शिकवते. पाय मोडलाय, तोंड शाबूत आहे माझं."

मग मीरा रोडच्या पूनम सागरमधल्या आमच्या त्या एवढ्याशा स्वयंपाकघरात ती खुर्चीवर, पाय स्टुलावर, आणि मी गॅसपुढे. "डिंक तळताना हात थांबवायचा नाही. खारीक कुटा हो, पीठ नका करू!" मी आयुष्यभर डांबर आणि खडी ढवळून घेतली. रस्त्याच्या कामांवर सुपरवायझर होतो, खाजगी कंत्राटदाराकडे. भाईंदर ते मुर्धा, राई, या पट्ट्यातला असा रस्ता नसेल जो मी एकदा तरी खणून घेतला नाही. तोच मी साठीनंतर डिंकाचे लाडू वळायला शिकलो आणि जपानला गेलो.

परत आल्यापासून सोसायटीत जो तो विचारतोय, काय काका, बुलेट ट्रेन? बुलेट ट्रेन मी बघितली, लांबून. मी जपानात पाहिलं ते एक हॉस्पिटल, एक स्वयंपाकघर आणि एक बाग. बाग मात्र तीन ऋतूंत पाहिली. आणि खरं सांगतो, मला ती अजूनही नीट कळलेली नाही.

लाल पानं

मृणाल आणि आमचे जावई नचिकेत राहतात ते जपानच्या पश्चिम किनाऱ्यावरचं मध्यम आकाराचं गाव. समुद्र जवळ, डोंगर जवळ, आणि थंडी तर अगदी अंगावरच. मी पोचलो तेव्हा नोव्हेंबर संपत आला होता. मृणालला सातवा महिना चालू होता आणि डॉक्टरांनी तिला रोज थोडं चालायला सांगितलं होतं. म्हणून दुसऱ्याच सकाळी ती मला घराजवळच्या बागेत घेऊन गेली.

"पप्पा, ही फिरायची बाग आहे. बसायची नाही."

"म्हणजे आपल्याकडच्या वॉकिंग ट्रॅकसारखी?"

"नाही हो! फिरत फिरत बघायची. कुणा सरदारानं कधीकाळी करून घेतली. तळ्याभोवती वाट आहे, आणि ती अशी आखलीय की सगळं एकदम दिसत नाही. वळलं की नवीन काहीतरी."

मी सवयीनं वाट बघू लागलो. म्हणजे रस्ता म्हणून बघू लागलो. आणि माझं डोकं चक्रावलं. माझ्या उभ्या आयुष्यात मला साहेब लोकांनी एकच गोष्ट सांगितली, रस्ता सरळ काढ. इथे सरळ जाता येत असताना वाट मुद्दाम वाकवलेली. सपाट जमीन असताना मुद्दाम चढ. पायाखाली ओबडधोबड दगड, त्यामुळे खाली बघूनच चालावं लागतं, आणि मान वर केली की समोर लालभडक झाड. एवढं लाल की मला वाटलं, आग लागलीय. दोन पावलं पुढे गेलो, तर ते झाड गायब. मागे येऊन पाहिलं, तर आहे. मी तीनचार वेळा पुढे मागे केलं. एक जपानी जोडपं माझ्यासाठी थांबून वाकून नमस्कार करत होतं, मीही वाकलो, ते पुन्हा वाकले. कुणी आधी जायचं तेच ठरेना.

आणखी एक गोष्ट खटकली. बाण होते ते तळं डाव्या हाताला ठेवून फिरायला सांगत होते. म्हणजे उलटी प्रदक्षिणा! आता मी काही देवाधर्मातला माणूस नव्हे. आमच्या घरात देव सुलभाच्या खात्यात. ती नवस बोलायची, मी रिक्षा करून तिला न्यायचो आणि बाहेर चपला राखत उभा राहायचो. पण पायांना सवय असते, तिला कोण काय करणार.

थोडं पुढे मृणालला धाप लागली. ती एका बाकावर टेकली आणि म्हणाली, तुम्ही पुढे पाहून या. वाटेला एक फाटा फुटत होता आणि त्या फाट्याच्या पहिल्याच फरशीवर, बरोबर मधोमध, एक दगड ठेवलेला होता. नारळाएवढा, गोल, गुळगुळीत. त्याला काळी दोरी बांधलेली, चारी बाजूंनी, वर नीट गाठ. बस. पाटी नाही, कुंपण नाही, काही नाही.

मी लगेच ओळखलं. मुर्ध्याला खाडीकडच्या रस्त्याचं काम करताना असे दगड किती वेळा आडवे आलेत. शेंदूर लावलेला दगड दिसला की मजूर पहार खाली ठेवतात. मग गावातला एखादा म्हातारा येऊन सांगतो, "आमचा देव हाय. हलवायचा न्हाय." मग नकाशात काहीही असो, आम्ही रस्ता वाकवायचो. म्हणजे इथेही तेच झालेलं दिसतंय, मी मनात म्हटलं. म्हणूनच बिचाऱ्यांची सगळी वाट वाकडीतिकडी आहे. काळी दोरी नजर लागू नये म्हणून. सगळा उलगडा झाला.

मृणालला हे सांगायला मागे वळलो, तर ती बाकावर डोकं धरून बसली होती. "पप्पा, डोळ्यांपुढे काहीतरी चमकतंय," म्हणाली. मी नचिकेतना फोन केला. दुपारपर्यंत ती हॉस्पिटलात होती. बीपी भलतंच वाढलेलं. डॉक्टरांनी सांगितलं, आता बाळ होईपर्यंत इथेच झोपून राहायचं. ती दगडाची गोष्ट तिथेच राहून गेली.

हे एवढ्यावर भागत नाही, म्हणून सांगतो. दोन वर्षांपूर्वी मृणालचं पहिलं बाळ पाचव्या महिन्यात गेलं होतं. सुलभानं तेव्हा एकही देव सोडला नव्हता. बाळ गेल्यावर तिनं रोजचा दिवा काही बंद केला नाही, पण हात जोडणं बंद केलं. काडी ओढायची, दिवा लावायचा आणि पाठ फिरवून स्वयंपाकघरात जायचं. मी ते बघायचो. काय विचारणार?

दोऱ्या

हॉस्पिटलात भेटायची वेळ फक्त दुपारी. बाहेरचं खाणं चालत नाही, त्यामुळे माझी सगळी पाककला फुकट. नचिकेत सकाळी कामावर जायचे. बिचारे चेहऱ्यावर दाखवत नव्हते, पण पायात दोन वेगळे मोजे घालून गेलेले मी पाहिलेत. त्यांनी मला बागेचा पास काढून दिला. "पप्पा, घरात बसून तुम्हाला वेड लागेल," म्हणाले. खरं तर घराबाहेरही मला फार काही कळत नव्हतं. कचऱ्याच्या पाच पिशव्या, प्रत्येकीचा वार वेगळा. मी मंगळवारी बाटल्या ठेवल्या, तर शेजारच्या बाईंनी ती पिशवी परत आणून दिली आणि माझीच माफी मागितली. मी हॉस्पिटलात बाथरूमच्या सपाता घालून वॉर्डात फिरलो, तर दोन नर्स हसू दाबत मागून आल्या. अशा माणसाला बागच बरी.

डिसेंबरात पानं गळली. एका सकाळी बघतो तर झाडांवर माणसं चढलेली. प्रत्येक पाइनच्या झाडाशेजारी उंच खांब, आणि खांबाच्या टोकापासून प्रत्येक फांदीला एकेक दोरी. वरून खाली, गोल. बुंध्यांना गवताच्या चटया गुंडाळून त्याही दोरीनं बांधलेल्या. आपल्याकडे वटपौर्णिमेला बायका वडाला सूत गुंडाळतात, तसंच काहीतरी व्रत असणार, असं मी ठरवून टाकलं. इथली सगळी बागच दोऱ्या बांधून कुणाच्या तरी हवाली केलेली दिसत होती. (बर्फाच्या वजनानं फांद्या मोडू नयेत म्हणून त्या दोऱ्या असतात, हे मला नंतर कळलं. तेव्हा कोण सांगणार होतं? मला येत होते दोन जपानी शब्द, एक सकाळचा नमस्कार आणि दुसरा सॉरी.)

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी नचिकेतना बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. नचिकेत घरी येऊन म्हणाले, "पप्पा, दोघांनाही धोका आहे. जितके दिवस काढता येतील तितके काढायचे म्हणतायत." सुलभाला फोनवर मी म्हटलं, सगळं ठीक आहे. ती म्हणाली, "तुमचा आवाज ठीक नाहीये." आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या फाट्यापाशी गेलो. इकडेतिकडे पाहिलं. कुणी नव्हतं. दगडासमोर उभा राहिलो आणि मला इतकी लाज वाटली की काय सांगू. आयुष्यभर चपला राखणारा माणूस मी, बोलायचं कसं तेच माहीत नाही. शेवटी सुलभा जशी बोलायची तसं म्हटलं. "बाबा, तू कोण आहेस मला ठाऊक नाही. माझी पोर आणि तिचं बाळ सुखरूप घरी येऊ देत. मी बाळाला तुझ्यासमोर आणीन आणि नारळ फोडीन." हे मराठीतच म्हटलं. वाकलो, दगडाला हात लावला, तो बर्फासारखा गार होता.

वर बघतो तर वाटेवर एक आजी उभ्या. जांभळी लोकरीची टोपी, हातात काठी. त्या माझ्याकडे बघत होत्या, मग दगडाकडे, मग माझ्याकडे. मी "सॉरी" म्हटलं. त्यांनीही सॉरी म्हटलं आणि पुढे गेल्या.

नवस बोलल्यावर उलटी प्रदक्षिणा घालणं मनाला पटेना. मग मी बाणाच्या विरुद्ध फिरू लागलो, तळं उजव्या हाताला ठेवून. परिणाम असा झाला की त्या टोपीवाल्या आजी, ज्या बाणाप्रमाणे फिरायच्या, मला प्रत्येक फेरीत समोरून भेटू लागल्या. भेटलो की वाकायचं. पुन्हा भेटलो की पुन्हा वाकायचं. कंबर दुखायला लागली माझी. एके दिवशी मी त्यांना डिंकाचा लाडू दिला. नाहीतरी ते बाळंतिणीचे लाडू बापच खात होता. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला, दाताखाली धरला, खारकेच्या तुकड्यापाशी जरा थांबल्या, आणि मग त्यांचे डोळे मोठे झाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला दोन संत्री दिली.

आणि त्याच दिवशी तो प्रकार घडला. मी दगडासमोर हात जोडून उभा होतो. बाजूला काठीचा आवाज आला. बघतो तर आजी माझ्याशेजारी उभ्या राहून दगडाला वाकून नमस्कार करत होत्या. मग काय! माझी उरलीसुरली शंका मिटली. इथली जुनी बाई नमस्कार करते म्हणजे देवच. त्या दिवसापासून आम्ही दोघं मिळून करू लागलो.

बर्फ

जानेवारीत एक दिवस फाट्यापाशी पोचलो. दगड नव्हता. फरशी मोकळी. मी झुडपात पाहिलं, तळ्याच्या काठाशी पाहिलं. मग दिसला, पुढच्या दुसऱ्याच एका फाट्यावर. आता देव रात्रीतून चालत जातो का? की हा दुसराच आहे? माझा नवस त्याच्याबरोबर गेला की जुन्या जागेवर राहिला? आजीही त्या दिवशी आल्या नव्हत्या. मी दोन्ही फाट्यांच्या मध्ये खुळ्यासारखा उभा असतानाच फोन वाजला.

"पप्पा, ताबडतोब या," नचिकेत म्हणाले. "आजच ऑपरेशन करतायत."

मुलगी झाली. दिवस भरायच्या आत, हातभर लांबीची. तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं आणि तिथे आईबापांशिवाय कुणालाही सोडत नव्हते. मी आजोबा झालो होतो आणि मला नात दिसत नव्हती. नचिकेतनी मोबाइलवर फोटो दाखवला, त्यात नळ्या जास्त आणि बाळ कमी. मृणालचं बीपी काही केल्या खाली येईना. सुलभानं फोनवर एकच विचारलं, "रडली का?" मी म्हटलं, "नचिकेत सांगतायत, रडली." मग आम्ही व्हिडिओ चालू ठेवून नुसते एकमेकांकडे बघत बसलो.

त्यानंतर बर्फ पडला. मी जन्मात बर्फ पाहिलेला नव्हता, सिनेमात सोडून. बाग ओळखू येईना. वाट नाही, फरशा नाहीत, तळ्याची कड नाही. दोऱ्यांनी बांधलेली झाडं तेवढी उभी. लोक फोटो काढत होते. बाग सुंदर दिसत होती, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. मला फक्त दगड हवा होता.

अंदाजानं दुसऱ्या फाट्यापाशी गेलो आणि हातांनी बर्फ उकरायला लागलो. इथे नाही. जरा पुढे. तिथेही नाही. हातमोजे भिजले, ते काढून टाकले. बोटं बधिर झाली. आणि मला रडू आलं. खोटं कशाला सांगू, त्या परक्या बागेत गुडघ्यांवर बसून मी रडलो.

आजी कधी आल्या ते कळलंच नाही. त्यांनी काही विचारलं, मला समजलं नाही. मी हातांनी गोल करून दाखवला आणि दोरीची गाठ मारून दाखवली. त्या चटकन म्हणाल्या, "आ!" आणि काठीनं बर्फात टोचत गेल्या. एका जागी ठक् आवाज आला. आम्ही दोघांनी मिळून तो मोकळा केला. काळी दोरी ओली झाली होती, गाठ तशीच होती. आजींनी आपल्या टोपीनं त्याच्यावरचा बर्फ पुसला. मग आम्ही दोघंही वाकलो.

हॉस्पिटलात गेलो तर मृणाल उठून बसली होती. बीपी उतरायला लागलं होतं. आता हे दगडामुळे झालं असं मी म्हणत नाही. औषध चालूच होतं. पण मला त्या दिवशी कुणाचे आभार मानायचे ते समजेना, म्हणून मी डॉक्टरांना इतक्या वेळा वाकून नमस्कार केला की ते मागे मागे सरकत दारापर्यंत गेले.

प्लमची फुलं

फेब्रुवारी सरता सरता मृणाल आणि बाळ घरी आले. माझा व्हिसा संपत आला होता. नात माझ्या हातात दिली तेव्हा तिनं माझं बोट धरलं, आणि सोडेचना. मला एकदम आठवलं, नवस!

सुलभाला फोनवर सांगितलं. ती हसेल म्हणून तयार होतो. हसली नाही. "तुम्ही? नवस बोललात?" म्हणाली. वॉकर जवळ ओढला. मग म्हणाली, "मग फेडा. बोलून ठेवायचं आणि विसरायचं, असं चालत नाही."

मृणालला मी दगडाचा फोटो दाखवला. "अगं, हा कुठला देव ते विचारून ठेव. नारळ फोडायचाय."

तिनं फोटो पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि टाके पडलेल्या पोटाला दोन्ही हातांनी धरून हसत सुटली. "पप्पा! अहो, हा देव नाही. हा दगड म्हणजे 'इथून पुढे जाऊ नका'. वाट बंद असली की ठेवतात. तुमचा तो 'रस्ता बंद आहे'चा बोर्ड असतो ना, तो!"

मी तीस वर्षं भाईंदरच्या रस्त्यांवर 'रस्ता बंद आहे'चे बोर्ड लावले. एवढे मोठे, लाल अक्षरात, पिंपं लावून, रिबिनी बांधून. लोक पिंप सरकवून जायचे, रिबीन उचलून जायचे, बाइकवाले तर फुटपाथवरून जायचे. आणि इथे नारळाएवढा एक दगड, त्याला एक दोरी, आणि आख्खं गाव मुकाट्यानं दुसऱ्या वाटेनं जातं. ते ठीक. पण मग मी बोललो कुणाशी? आणि त्या आजी कशाला नमस्कार करत होत्या?

तरी नारळ फोडायचाच होता. सुलभाचा हुकूम. नचिकेतनी मोठ्या शहरातल्या भारतीय दुकानातून नारळ मागवला. माझ्या निघायच्या आदल्या दिवशी आम्ही सगळे बागेत गेलो, मृणालच्या अंगाशी बाळ बांधलेलं, माझ्या पिशवीत नारळ. बर्फ गेला होता. काळ्या काळ्या वाळक्या फांद्यांवर पांढरी आणि गुलाबी फुलं, पान एकही नाही. वास मात्र गोड, आमच्याकडे बकुळीचा येतो त्याच्या जवळपासचा.

पहिल्या फाट्यावर दगड नव्हता. दुसऱ्यावरही नव्हता. आम्ही आख्खी बाग फिरलो. सगळ्या वाटा मोकळ्या! फुलांचा मोसम म्हणून सगळ्या उघडल्या होत्या. मी नारळ घेऊन भोवऱ्यासारखा फिरतोय आणि तिथे बंद असं काहीच नाही.

समोरून आजी आल्या. बाळ बघून त्यांनी काठी सोडली, नचिकेतनी ती झेलली. मृणालमार्फत आमचं पहिल्यांदा बोलणं झालं. त्या म्हणाल्या, "मी कित्येक वर्षं या दगडापाशी येऊन वळतेय. त्याचे आभार मानायचं मला कधी सुचलं नाही. तुमच्या देशात मानतात हे बघितलं आणि मला फार आवडलं." मृणालनं माझ्याकडे पाहिलं. "काय सांगू, पप्पा?"

"सांग, हो," मी म्हटलं. "मानतात म्हणावं." दुसरं काय सांगणार?

दगड कुठे गेला, हे मृणालनं विचारलं. आजी आम्हाला इतके दिवस बंद असलेल्या त्या वाटेनं घेऊन गेल्या. शेवटी चहाची छोटी झोपडी होती. तिच्या मागच्या बाजूला, पन्हळीखाली, एका ओळीत सगळे दगड मांडून ठेवलेले. पाचसहा असतील. सगळे नारळाएवढे, सगळ्यांना काळी दोरी, सगळ्यांची गाठ तशीच. आमच्या गोदामात कामं नसली की पिंपं अशीच लावून ठेवायचो. यांतला माझा कोणता?

आणि नारळ फोडायचा कुठे? आजूबाजूला एक वाळकं पान नव्हतं. झोपडीतली बाई अंगण झाडून पुन्हा झाडत होती. मी नात उचलून त्या ओळीसमोर धरली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, म्हटलं, ज्याचा असेल त्यानं बघून घ्या. आणि नारळ आजींच्या हातात दिला. त्यांनी तो दोन्ही हातांत घेतला, कपाळाला लावला, आणि मग त्याचे तिन्ही डोळे निरखत बसल्या. त्याचं पुढे काय करायचं हे त्यांना नक्कीच कळलं नसणार.

मीरा रोड

"दिलात?" सुलभानं विचारलं. "दिला म्हणजे फोडला नाही."

मी परत आलो तोवर तिचं प्लास्टर निघालं होतं, वॉकर होता. मी व्हिडिओवर न सांगितलेलं सगळं तिला सांगितलं. बर्फात रडलो तेही सांगितलं. ती ऐकत होती, एकीकडे गवार मोडत. शेवटी म्हणाली, "म्हणजे तो 'रस्ता बंद'चा बोर्ड होता."

"हो ना."

"मग आपल्याकडे काय कमी आहेत?"

एप्रिलात आमच्या गल्लीच्या तोंडाशीच खणलं. संध्याकाळी डॉक्टरांनी सांगितलेलं चालणं करायला आम्ही खाली उतरलो, आणि सुलभानं कोपऱ्यावर नारळ घेतला. नारळवाल्यानं विचारलं, "पूजा का है, आंटी?" ती म्हणाली, "हां, पूजा का ही समझो."

बोर्ड आडवा लावलेला होता, 'रस्ता बंद आहे', आणि वाऱ्यानं पडू नये म्हणून त्याच्या पायाशी एक मोठा दगड, सुतळीनं बोर्डाला बांधलेला. मी नारळ घ्यायला हात पुढे केला, तर ती म्हणाली, "थांबा. मीच फोडते." वॉकरला कंबर टेकवून ती वाकली आणि एका दणक्यात त्या दगडावर नारळ फोडला. पाणी चरात गेलं. फळवाला धावत आला, एक रिक्षावाला उतरला. "कौन से भगवान का है, आंटी?" सुलभा म्हणाली, "बेटी को बेटी हुई है. भगवान को छोड़ो, खोबरा खाओ."

तेवढ्यात एक स्कूटरवाला आला. नेहमीप्रमाणे बोर्ड आणि गटाराच्या मधल्या फटीत त्यानं चाक घातलं. मग त्याची नजर फुटलेल्या नारळावर गेली, दगडावर गेली. त्यानं चाक मागे घेतलं, छातीला आणि कपाळाला हात लावला, आणि स्कूटर वळवून आल्या वाटेनं गेला. तीस वर्षांत माझ्या बोर्डापासून परत फिरलेला माणूस मी पहिल्यांदा पाहिला!

"अगं बघितलंस का?" म्हणत मी सुलभाकडे वळलो.

तिचं लक्ष नव्हतं. तिनं वॉकर सोडला होता. मोडलेल्या पायावर भार टाकून ती बोर्डासमोर उभी होती, डोळे मिटून, दोन्ही हात जोडून, आणि ओठ हलत होते. काय बोलत होती, कुणाशी बोलत होती, नातीबद्दल की त्या आधीच्या बाळाबद्दल, मला कळलं नाही. मी एका हातात वॉकर आणि दुसऱ्या हातात खोबऱ्याची वाटी धरून तिचं होईपर्यंत उभा राहिलो. मग आम्ही दोघं वळसा घालून घरी आलो.